फोटोतली खरखर

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



हे भाषण सुरू होण्यापूर्वी ध्वनिमुद्रण करणाऱ्या ताईंनी मला अर्धं मिनिट गप्प बसायला सांगितलं. मी म्हटलं, ‘‘गप्प बसायलाच बोलावलंत होय?’’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवायची असते. शांततेतही खरखर असते. ती कशी आहे हे कळलं, की तुमच्या आवाजातून वजा करता येते. पण फार वजा केली, तर तुम्ही पाण्याखालून बोलताय असं वाटेल.’’

माझं निम्मं भाषण त्यांनी तिथंच करून टाकलं. उरलेलं निम्मं मी करतो.

मी भिवंडीचा. धामणकर नाक्यापासून हाकेच्या अंतरावर राहतो. नाक्यावर मारलेली हाक शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू जात नाही, पण म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. वर पुलावरून ट्रक, खाली रिक्षा आणि आतल्या गल्ल्यांतून यंत्रमागांची खटखट. वीज गेली आणि माग थांबले, की आमच्याकडची तान्ही मुलं दचकून जागी होतात. तेव्हा गोंगाट म्हणजे काय, हे मला कॉलेजात जाऊन शिकावं लागलं नाही. कॉलेजात गेलो ते बी. ए. करायला, आणि तिथून बाहेर पडलो तो कविता लिहिण्याची खोड घेऊन. कॅमेऱ्याची खोड त्याच्याही नंतरची, चाळिशी ओलांडल्यावर लागलेली. माझ्या भाच्यानं जुना कॅमेरा आणि लांब पल्ल्याची लेन्स घेतली, सोबतीला कुणीतरी हवं म्हणून मला ओढलं, आणि मग मीच त्याला पहाटे चारला उठवू लागलो.

आज मी बोलणार आहे डोळ्यांना दिसणाऱ्या गोंगाटाबद्दल. इंग्रजीत फोटोतल्या दाण्यांनाही नॉइजच म्हणतात. सूर्य उगवता उगवता किंवा मावळल्यावर काढलेला फोटो मोठा करून पाहिलात, तर त्यावर रवा सांडल्यासारखं दिसतं. काळ्या भागात तांबडे, हिरवे ठिपके दिसतात. पक्ष्याची पाठ खरबरीत होते. हे घालवायचं कसं, किती घालवायचं, आणि केव्हा हात आखडता घ्यायचा, यावर वन्यजीवांचे फोटो काढणाऱ्या माणसांत जेवढे वाद होतात तेवढे आमच्या कविसंमेलनांतही होत नाहीत.

आधी हे दाणे येतात कुठून ते सांगतो. गच्चीवर सारख्या आकाराच्या शंभर वाट्या मांडून ठेवा. पावसाची एक हलकी सर येऊन गेली. प्रत्येक वाटीत सरासरी शंभर थेंब पडले असं धरलं, तर एकीत नव्वद, दुसरीत एकशे दहा, असा दहाएक थेंबांचा फरक सहज पडतो. शंभरात दहा, म्हणजे दहा टक्के. आता दिवसभर पाऊस पडू द्या. सरासरी दहा हजार थेंब पडले, तर फरक शंभराच्या घरात राहतो. दहा हजारांत शंभर, म्हणजे एकच टक्का. कॅमेऱ्याच्या आत अशाच लाखो वाट्या असतात आणि प्रकाश थेंबाथेंबानंच पडतो. भरपूर प्रकाश असला की शेजारशेजारच्या वाट्या सारख्या भरतात आणि निळं आकाश निळंच दिसतं. प्रकाश थोडा असला की एक वाटी कमी, एक जास्त, आणि त्याचेच दाणे होतात.

पुष्कळांना वाटतं की आयएसओ वाढवला म्हणून दाणे आले. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण आयएसओ म्हणजे ट्रान्झिस्टरचा आवाजाचा कान. स्टेशन नीट लागत नसताना तुम्ही कान पिळला, तर गाणं मोठं होतं आणि खरखरही मोठी होते. खरखर कानानं निर्माण केलेली नसते, ती आधीच असते. म्हणूनच ‘आत्ता काळोखा काढू, घरी जाऊन उजळ करू’ हे धोरण बहुतेक वेळा अंगाशी येतं.

लग्नात फोटो काढणाऱ्याला हा त्रास कमी. तो दिवे लावतो, नवऱ्या मुलाला ‘हलू नका’ म्हणतो. बगळ्याला कोण सांगणार? प्राणी-पक्षी फिरतात ते पहाटे आणि सांजवेळी, उजेड कमी असताना. ते हलतात, म्हणून शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकंच उघडायचं. ते लांब असतात, म्हणून लेन्स लांबलचक घ्यायची, आणि परवडणाऱ्या लांब लेन्सचं भोक लहान. तिन्ही बाजूंनी प्रकाशाची उपासमार. त्यामुळे वन्यजीवांचा फोटो आणि दाणे ही जोडी ठरलेलीच.

या दाण्यांशी वागायच्या तीन रीती मी आमच्या नाक्याच्या परिसरातच पाहिल्या.

पहिली आमच्या स्टुडिओवाल्या मास्तरांची. मास्तर आता थकले आहेत, स्टुडिओही बंद झाला. फिल्मच्या काळात ते काचेच्या उतरत्या मेजावर निगेटिव्ह ठेवायचे, डोळ्याला भिंग लावायचे, आणि सुईसारखं टोक काढलेल्या शिसपेन्सिलीनं मुरमांचे डाग भरून काढायचे. मी मुलगा होतो तेव्हापासून हे बघत उभा राहायचो. एकदा एका नवरीचा फोटो ते साफ करत होते. गालावरचे सगळे फोड गेले, पण हनुवटीवरचा तीळ मात्र त्यांनी तसाच ठेवला. मी विचारलं, ‘‘मास्तर, हा राहिला की.’’ तर म्हणाले, ‘‘अरे, फोड आठवड्यात जाईल. तीळ पासपोर्टात लिहितात.’’ त्या काळी पासपोर्टावर अंगावरची ओळखीची खूण लिहावी लागे. पुढे संगणकावर फोटो साफ करायला बसलो, की मला हा तीळ हटकून आठवतो.

दुसरी रीत भाच्याची. तो तरुण आहे, त्याला सगळं लखलखीत लागतं. सुरुवातीला त्याचा क्रम असा होता: फोटो आधी कापायचा, मग उजळ करायचा, मग धार वाढवायची, आणि सगळ्यात शेवटी दाणे पुसायचे. हा क्रम उलटा आहे. धार वाढवली की पिसांबरोबर दाण्यांनाही धार येते. मग पुसणाऱ्या सॉफ्टवेअरला दाणा कोणता आणि पीस कोणतं हे कळत नाही. ते दोन्ही पुसतं किंवा दोन्ही ठेवतं. शिवाय तो जेपेग फाइलवर काम करायचा. जेपेग म्हणजे कॅमेऱ्यानं स्वतःच शिजवून दिलेला भात. त्याचे तांदूळ परत होत नाहीत. रॉ फाइल म्हणजे तांदूळ.

भाच्यानं नंतर क्रम सुधारला, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी सॉफ्टवेअर आली तेव्हा तर त्याला आकाश ठेंगणं झालं. डीएक्सओ कंपनीची ‘डीपप्राइम’ ही पद्धत २०२० साली आली, अ‍ॅडोबीनं लाइटरूममध्ये तशी सोय २०२३ च्या एप्रिलमध्ये दिली. टोपाझसारख्या इतरही आहेत. कच्च्या फाइलवर चालणाऱ्या पद्धतींत ही पुसापुशी अगदी पहिल्या पायरीवर करायची असते. भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर एकेका फोटोला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात मी चहा टाकतो.

तिसरी रीत मोबाइलची. तिचं फार सांगत नाही. अंधारात मोबाइल पटापट अनेक फोटो घेतो आणि एकमेकांवर रचून एक करतो. झाडासाठी, तळ्यासाठी फार छान. उडणाऱ्या बगळ्याला मात्र कधीकधी चार पंख येतात.

आता मी केलेला एक खेळ सांगतो. तिवरांच्या कडेला तिन्हीसांजेला एक कोल्हा दिसला होता. हो, आपल्या खाडीकाठच्या तिवरांत कोल्हे आहेत. आयएसओ होता १२,८००. दहा वर्षांपूर्वी असा फोटो मी टाकूनच दिला असता. मी त्या एकाच कच्च्या फाइलीचे चार फोटो केले. एक कॅमेऱ्यानं दिलेला जेपेग. दुसरा जुन्या पद्धतीनं, म्हणजे हातानं पट्टी सरकवत साफ केलेला. त्यात रंगाचे दाणे वेगळे घालवता येतात आणि उजेड-काळोखाचे वेगळे. तांबडे-हिरवे ठिपके पूर्ण काढले तरी नुकसान फारसं होत नाही. पण उजेड-काळोखाचे दाणे काढायला गेलं, की केसही त्यांच्याबरोबर जातात, कारण केस म्हणजेही उजेड-काळोखच. तिसरा फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेनं साफ केलेला. आणि चौथ्याला मी काहीच केलं नाही, फक्त आकारानं लहान केला.

चारही फोटो हातभर अंतरावरून बघण्याजोगे, सारख्या मापाचे छापून घेतले आणि भिंतीवर चिकटवले. घरी येणाऱ्याला विचारायचो, कोणता आवडला? काय केलंय ते सांगायचो नाही. बहुतेकांनी तिसऱ्यावर बोट ठेवलं, आणि दुसरा क्रमांक दिला चौथ्याला! ज्याला मी काहीच केलं नव्हतं त्याला.

त्याचं कारण पुन्हा वाट्यांचंच. फोटो लांबीरुंदीनं निम्मा केला, की चार वाट्यांचं पाणी एका वाटीत ओतल्यासारखं होतं आणि फरक निम्म्यावर येतो. सहा हजार बिंदू रुंदीचा फोटो मोबाइलसाठी दीड हजारांवर आणला, की सोळा वाट्यांची एक होते आणि दाणे एक चतुर्थांश उरतात. वर्तमानपत्रात छापायचा असेल, तर छपाईचे ठिपकेच दाण्यांहून मोठे. म्हणजे आपण रात्र-रात्र जागून जे पुसतो, ते पुष्कळदा बघणाऱ्यापर्यंत पोचणारच नसतं. संगणकावर फोटो चौपट मोठा करून दाणे मोजणारा माणूस हा भाताच्या शितांत खडे शोधणाऱ्या सासऱ्यासारखा असतो. मी स्वतः त्यातलाच होतो, म्हणून बोलतोय.

तर त्या चार फोटोंकडे आमचे एक शेजारी आले. ते आयुष्यभर मागावरून उतरलेलं कापड तपासत आले. ताका टेबलावरून ओढत न्यायचा, नजर खाली, आणि तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की खूण करायची. त्यांनी चारही फोटो बघितले, तिसऱ्याशी थबकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘‘याला कांजी जास्त झालीय.’’

मी हसलो, पण मग फोटो काढून खिडकीपाशी नेला. कोल्ह्याच्या मानेवरचे केस सगळे एका दिशेला, एका जाडीचे, विंचरल्यासारखे दिसत होते. मूळ फाइलीत त्या जागी केस दिसतच नव्हते, नुसता रवा होता. मग हे केस आले कुठून? या सॉफ्टवेअरला आधी असंख्य जोड्या दाखवलेल्या असतात, दाणेदार फोटो आणि त्याचाच स्वच्छ फोटो. त्यावरून ते शिकतं की अशा दाण्यांखाली बहुधा असे केस असतात. बहुधा हा शब्द ध्यानात ठेवा. ते आपल्याला काय होतं ते सांगत नाही, काय असायला हवं होतं ते सांगतं.

कोल्ह्याच्या बाबतीत यानं काही बिघडलं नाही. कोल्हा कोल्हाच राहिला. तो फोटो मला आवडतो, घरात लावलेलाही आहे. मी या सॉफ्टवेअरचा वैरी नाही. पण पुढच्या हिवाळ्यात जे झालं ते ऐका.

भांडुपच्या पंपिंग स्टेशनकडून ठाणे खाडीच्या काठाला जाता येतं. पक्षी बघणाऱ्यांना ही जागा पाठ आहे. खाडीतला फ्लेमिंगोंचा भाग २०१५ साली अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत आला. फ्लेमिंगो बघायला गर्दी होते, पण चिखलात लांब चोच खुपसून फिरणाऱ्या मातकट पाहुण्यांकडे कुणी फार बघत नाही. तर २०२४ च्या जानेवारीत, सूर्य नुकताच वर आलेला असताना, साठेक मीटरवर गॉडविट पक्ष्यांचा थवा होता. त्यातल्या एकाच्या पायावर नखाएवढा प्लॅस्टिकचा पट्टा दिसला. पट्ट्यावर अक्षरं होती.

अशा पट्ट्याचं महत्त्व थोडक्यात सांगतो. आपल्या मुंबईतली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालची. डॉ. सालिम अली यांच्या पुढाकारानं १९५९ पासून तिथं स्थलांतरी पक्ष्यांना मोठ्या प्रमाणावर कडी घालण्याचं काम सुरू झालं. धातूच्या कड्यावर क्रमांक असतो, पण तो वाचायला पक्षी हातात यावा लागतो. म्हणून रंगीत पट्टे आले. रंगावरून कळतं पट्टा कुठं घातला, अक्षरांवरून कळतं पक्षी नेमका कोणता. दुर्बिणीतून किंवा फोटोतून कुणीही वाचून कळवायचं. अशा एकेका नोंदीतून पक्षी किती वर्षं जगतो, कुठून येतो, वाटेत कुठं थांबतो, हे ठरतं. मोठ्या पक्ष्यांना आता उपग्रहाशी बोलणारी यंत्रं लावतात, ठाणे खाडीतल्या काही फ्लेमिंगोंना २०२२ साली लावली होती. पण बहुसंख्य पक्ष्यांचा जन्मदाखला म्हणजे हा पट्टाच.

आयएसओ ६४००, शटर एक हजारांश. भाच्यानं ओळीनं फोटो घेतले. घरी येऊन त्यानं त्यातला एक निवडला, त्याच्या सवयीच्या सॉफ्टवेअरमधून साफ केला आणि मला ओरडून बोलावलं, ‘‘मामू, बघा, वाचता येतंय!’’ खरंच येत होतं. पट्टा चकचकीत, अक्षरं काळीभोर. पहिलं अक्षर इंग्रजी एच, मग ए, मग आकडा तीन. मी मोठ्या हौसेनं या नोंदी ठेवणाऱ्या एका अभ्यासकांना कळवलं. आमच्या गल्लीत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

चार दिवसांनी उत्तर आलं. या रंगात या अक्षरानं सुरू होणारा पट्टा या जातीच्या पक्ष्याला घातलेलाच नाही, कृपया पुन्हा पाहावे.

मी कच्ची फाइल उघडली, काहीही न पुसता. पट्ट्यावर रवा सांडलेला. अक्षराची उंची मोजली, जेमतेम बारा-तेरा बिंदू. एवढ्या जागेत दोन उभ्या रेषा होत्या एवढं खरं. त्यांच्यामधली रेघ आडवी की तिरकी, हे दाण्यांत बुडालेलं. सॉफ्टवेअरनं ती आडवी ठरवली आणि ठसठशीत काढून दिली. त्याला अंदाज करावा लागला, याचं मला वाईट वाटलं नाही. पण अंदाज आहे असं त्यानं कुठं लिहिलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

श्रोतेहो, आमच्याकडे नावातल्या एका अक्षराची किंमत फार असते. माझ्या वडिलांचं नाव एका कागदावर जोडून लिहिलेलं, दुसऱ्यावर तोडून. तिसऱ्यावर एका अक्षराची वेलांटी चुकलेली. ती तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करायला मी किती खिडक्यांपुढे उभा राहिलो ते मोजलेलं नाही. लिहिणाऱ्यानं मुद्दाम केलं नव्हतं. त्यालाही नीट दिसलं नसेल, आणि जे बहुधा असतं ते त्यानं लिहून टाकलं असेल. आता मी तेच एका पक्ष्याच्या बाबतीत केलं होतं. खरोखर तो पट्टा वापरात असता, तर माझं पत्र तसंच नोंदीत गेलं असतं. कुठल्या तरी दुसऱ्या, कदाचित केव्हाच मेलेल्या पक्ष्याच्या नावावर आणखी एक हिवाळा चढला असता, आणि चिखलात जिवंत फिरणारा हा पक्षी बेपत्ता राहिला असता.

मग आम्ही दुसऱ्या वाटेनं गेलो. ओळीनं घेतलेल्या फोटोंत चार असे निघाले, की पक्षी पाय न हलवता उभा होता. ते चारही, न पुसता, पट्ट्यावर पट्टा बरोबर बसवून एकमेकांवर रचले आणि सरासरी काढली. चार सरी एकाच वाटीत. दाणे निम्मे झाले, आणि यात अंदाज कुठलाच नव्हता, होतं ते सगळं त्या सकाळचंच होतं. मधली रेघ तिरकी निघाली. एच नव्हता, एन होता. पुढचा ए पक्का. आकड्याच्या बाबतीत मात्र तीन की आठ हे रचूनही कळेना. भाचा म्हणाला, ‘‘मामू, आठच वाटतोय.’’ मी म्हटलं, वाटतोय ते आपल्या घरात. पत्रात लिहिलं: एन, ए, तिसरे चिन्ह अस्पष्ट.

या निमित्तानं मी थोडं वाचलं, विचारलं. वाघाच्या अंगावरचे पट्टे म्हणजे माणसाच्या बोटांचे ठसे, एकाचे दुसऱ्याला जुळत नाहीत. डाव्या आणि उजव्या कुशीचेही वेगळे. देशातल्या २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी आपोआप चालणारे कॅमेरे लावले होते. त्यांत सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो निघाले, वाघांचे त्यांत ७६,६५१. या गणनेची नोंद गिनीज बुकात झाली. ताडोबातला वाघ मेळघाटातल्या वाघापासून वेगळा मोजला जातो तो या पट्ट्यांवरूनच. तिथं कुणी अर्धवट दिसणारा पट्टा ‘बहुधा असा असेल’ म्हणून भरून काढला, तर एकाचे दोन वाघ व्हायला वेळ लागणार नाही.

याच्या उलट गोष्टही आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या प्रसिद्ध स्पर्धेत २०१७ साली ब्राझीलच्या मार्सिओ काब्राल यांच्या फोटोला बक्षीस मिळालं. रात्रीची वेळ, काजव्यांसारखा चमचमणारा मुंग्या-वाळवीचा डोंगर, आणि खाली एक मुंगीखाऊ. पुढं कुणीतरी म्युझियमला कळवलं की हा मुंगीखाऊ जिवंत नसून तिथल्याच एका उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी ठेवलेला, पेंढा भरलेला आहे. तज्ज्ञांनी दोन्हींची तुलना केली. अंगावरच्या खुणा, केसांचे झुबके, सगळं जुळत होतं. २०१८ च्या एप्रिलमध्ये बक्षीस परत घेतलं गेलं. काब्राल यांनी आरोप मान्य केला नाही. मला त्यातलं एवढंच घ्यायचंय, की निवाडा झाला तो केसांच्या झुबक्यांवर. कांजी चढवून ते सारखे केले असते, तर जुळवायला उरलं काय असतं? या स्पर्धेत शेवटच्या फेरीत कच्ची फाइल मागतात, ती उगाच नाही.

आणि दाणे कमी करण्याचा सगळ्यात जुना उपाय म्हणजे प्रकाश. त्याच स्पर्धेत २०१६ साली आपल्या मुंबईच्या नयन खानोलकरांना शहरी विभागाचं बक्षीस मिळालं. आरे कॉलनीतल्या बोळातून जाणारा रात्रीचा बिबट्या. त्यांनी फ्लॅश असे लावले होते, की बोळात नेहमी असतो तसाच उजेड वाटावा. आणि मग वाट पाहिली, चार महिने. संगणकाला काही मिनिटं लागतात म्हणून आम्ही कुरकुरतो.

माझी आताची रीत विचाराल, तर ती मास्तर आणि भाचा यांच्या मधली आहे. कच्ची फाइल जशीच्या तशी दोन ठिकाणी ठेवतो. हे आता करतो. २०१५ च्या सुमाराला डिस्क भरली म्हणून मी दोन वर्षांच्या कच्च्या फाइली पुसून टाकल्या, साफ केलेले जेपेग तेवढे ठेवले. त्यातल्या एका फोटोत एका चिखलपायी पक्ष्याच्या पायावर हिरवं काहीतरी आहे. लोण्यासारखं गुळगुळीत, हिरवं. ते आता कुणालाच वाचता येणार नाही.

तर कच्ची फाइल ठेवायची. मग काम करायच्या फाइलीवर पहिल्यांदा रंगाचे दाणे काढायचे, बिनदिक्कत. मग उजेड ठीक करायचा. मग पाणी आणि आकाश वेगळं निवडून तिथं हवी तेवढी पुसापुशी करायची, कारण दाणे डोळ्यांत खुपतात ते मोकळ्या जागेत, पिसांत ते लपतात. पक्ष्यावर हात हलका. चोच, डोळा, पाय यांवर जवळजवळ नाहीच. धार सगळ्यात शेवटी, आणि फोटो केवढा छापायचा ते ठरल्यावर. कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली, तर फाइलीच्या नावातच तसं लिहायचं. भिंतीसाठी वापरतोच, नोंदीसाठी पाठवताना नाही. भाचा म्हणतो, यानं तुमचे फोटो जुने दिसतात. दिसतात खरे.

त्या गॉडविटचं पुढं काय झालं, ते सांगून थांबतो. दुसऱ्या पत्राला दोन ओळींचं उत्तर आलं. पहिली दोन अक्षरं वापरातल्या पट्ट्यांशी जुळतात, तिसरं चिन्ह तीन किंवा आठ, दोन्ही पक्षी नोंदीत आहेत. मूळ फाइली असल्यास पाठवाव्यात. त्या होत्या, पाठवल्या. अजून निर्णय लागलेला नाही, आणि लागेलच असं नाही.

भाच्यानं एच अक्षराचा तो चकचकीत फोटो फ्रेम करून घेतलाय. छान दिसतो. मी फ्रेम उलटी करून मागच्या पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीनं लिहून ठेवलंय: पायावरचं पहिलं अक्षर चुकीचं आहे.